बुधवारची केस

"वैद्यकशास्त्र पुस्तकातून येत नाही, ते गुरूच्या पायाशी बसून येतं," असं आमचे डीन नव्या रेसिडेंट डॉक्टरांच्या स्वागतसमारंभात म्हणाले आणि सभागृहात टाळ्या पडल्या. व्यासपीठावरच्या गुरूंनी मान मागे वळवून मला विचारलं, "हिरवे, लग्न कुणाचं आहे?"

मी गुच्छ धरून त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो. "लग्न नाही सर. स्वागत आहे. नवीन मुलं आलीत."

"अच्छा," गुळवणी सर म्हणाले आणि टाळ्या वाजवू लागले. बाकीच्यांच्या तोवर वाजवून झाल्या होत्या. डीनना तो उत्स्फूर्त प्रतिसाद वाटला, त्यामुळे भाषण आणखी लांबलं.

मी तेव्हा मानसोपचार विभागात तिसऱ्या वर्षाचा रेसिडेंट होतो. कॉलेज खाजगी, चारी बाजूंनी ऊस, वारा पडला की साखर कारखान्याच्या मळीचा वास थेट वॉर्डात. एमबीबीएस झालेला माणूस एखाद्या विषयाचा तज्ज्ञ कसा होतो हे बाहेर फारसं कुणाला माहीत नसतं, म्हणून थोडक्यात सांगतो. पहिल्या वर्षी तो वॉर्डात राबतो आणि सगळ्यांची बोलणी खातो. दुसऱ्या वर्षी त्याला बोलणी द्यायला एक माणूस मिळतो. तिसऱ्या वर्षी तो प्रबंध लिहितो, परीक्षेचा अभ्यास करतो आणि पहिल्या दोन वर्षांत आपण काय काय सोसलं ते नव्या मुलांना सांगतो. ही सगळी व्यवस्था एकाच खुंटीला टांगलेली असते, ती खुंटी म्हणजे प्राध्यापक. आमच्याकडे प्राध्यापक एक, गुळवणी सर, म्हणून दर वर्षी जागा दोन. प्राध्यापक गेला की जागाही गेल्या.

त्यातून मी पडलो पहिल्या तुकडीचा. पहिली तुकडी परीक्षेला बसते तेव्हा दिल्लीहून इन्स्पेक्शन येतं आणि अभ्यासक्रमाला मान्यता द्यायची की नाही ते ठरतं. मान्यता नाही मिळाली तर पदवी मिळते, पण तिची नोंदणी होत नाही. म्हणजे ती भिंतीवर लावता येते, दारावर नाही. इन्स्पेक्शन दिवाळीनंतर येणार होतं आणि आमची खुंटी भिंतीतून सुटत चालली होती.

हे विभागात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. दिवसभर आम्ही लोकांना वार विचारायचो, तारीख विचारायचो, शंभरातून सात वजा करायला सांगायचो, आणि जमलं नाही की कागदावर निदान लिहायचो. विभागप्रमुखांना मात्र कुणी वार विचारत नव्हतं. उलट तो त्यांना कळेल अशा बेताने आम्ही मोठ्याने बोलायचो. "आज मंगळवार, म्हणजे ओपीडीला गर्दी असणार." राउंडला त्यांच्या अर्धं पाऊल पुढे राहून "काय सावित्राबाई, झोप लागली का?" असं म्हणणं ही तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटची, म्हणजे माझी, कुठेही न लिहिलेली ड्यूटी होती. मग सर म्हणत, "काय सावित्राबाई," आणि सावित्राबाई खूश होत, कारण एवढा मोठा डॉक्टर आपल्याला नावाने ओळखतो.

एकदा त्यांनी एका म्हाताऱ्याला सवयीने विचारलं, "आजोबा, आज वार कुठला?"

"सोमवार न्हवं का?" आजोबा म्हणाले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मंगळवार होता. मी मान डोलवली. पहिल्या वर्षाचा जुनैद शिकलगार शेजारी केसपेपर धरून उभा होता. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा सरांकडे पाहिलं आणि लिहिलं : वाराचं भान योग्य.

शिकलगार मिरजेचा होता, हुशार होता आणि विभागात नुकताच आला होता. त्याला अजून वाटत होतं की सर आमची परीक्षा घेतात. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही. दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट प्रसूतीच्या रजेवर होती आणि माझ्या जोडीची जागा भरलीच नव्हती, कारण मनाचा डॉक्टर व्हायला तेव्हा लोक सहसा तयार नसत. एक लेक्चरर होते, ते पुण्यात राहत आणि इन्स्पेक्शनच्या दिवशी येत. वॉर्ड कुठे आहे हे त्यांना दर वेळी नव्याने दाखवावं लागे, पण त्यांना कुठलाही आजार नव्हता.

राहिल्या टिपरे मॅडम. त्या सहयोगी प्राध्यापक. सर पूर्वी सरकारी कॉलेजात होते तेव्हा त्या तिथे त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. सरांनी लिहिलेलं प्रत्येक औषध "शिक्का मारायला" म्हणून त्यांच्या खोलीत जाई. तिथे शिक्का असा नव्हताच. मॅडम कागद वाचत, लागलं तर गुपचूप दुरुस्त करत, आणि पेशंट औषधाच्या दुकानाकडे जाई.

दसऱ्याच्या सुमारास मॅडम भावाच्या घरी वास्तुशांतीला गेल्या आणि त्या दिवशी खिलारे नावाचे रिटायर झालेले एसटी कंडक्टर ओपीडीत येऊन गेले. आठवड्याने त्यांना दोघांनी धरून आणलं. हात थरथरत होते, पाय टेकत नव्हता, जीभ जड झाली होती. रक्त तपासलं तर गोळ्यांतल्या लिथियमचं प्रमाण इतकं चढलेलं की लॅबवाल्याने पुन्हा तपासून फोन केला. सलाइन लावलं, गोळ्या बंद केल्या. चार दिवसांनी खिलारे उठून बसले आणि चहात साखर कमी आहे म्हणाले, तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

सर राउंडला आले. खिलाऱ्यांच्या बायकोने पिशवीतून दोन कागद काढले.

"साहेब, एका कागदावर एक गोळी, दुसऱ्यावर पण तीच. म्हटलं मोठ्या डॉक्टरांनी लिवलंय, तर दोन्ही दिल्या. माझं चुकलं का?"

"बघू," म्हणून सर कागद घेऊन खिडकीशी गेले. दोन्हींवर एकच तारीख होती आणि अक्षर एकच होतं. त्यांचं अक्षर डॉक्टरांत दुर्मीळ असं होतं, म्हणजे वाचता येत होतं. ते बराच वेळ तिथे उभे राहिले. मी मागून म्हणालो, "सर, पुढचा बेड. काय रे दत्ता, जेवलास का?"

सर पुढच्या बेडकडे गेले नाहीत. परत येऊन खिलारेबाईंना म्हणाले, "तुमचं नाही चुकलं."

त्याच दुपारी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर काही नव्हतं, दार लावून घ्यायला सांगितलं.

"बुधवारच्या कॉन्फरन्सला केस कुणाची आहे?"

"शिकलगारची सर. उन्मादाची."

"ती पुढे ढकल. या बुधवारी तू मांडायचीस. हिस्ट्री घे. माझा थोरला भाऊ. कुरुंदवाडला असतो. मास्तर आहे. वय त्रेसष्ट."

सरांना भाऊ असल्याचं मी तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. पण मास्तर कुणाचाही भाऊ असू शकतो, आणि खाजगी शाळेत त्रेसष्टाव्या वर्षीही शिकवू शकतो. मी पेन काढलं.

"तक्रार काय?"

"त्याची काही तक्रार नाही. हेच पहिलं लिही. गाडी घेऊन शाळेत जातो, बसने घरी येतो. मग बायको विचारते गाडी कुठाय. एकच धडा एका आठवड्यात दोनदा शिकवला. मुलांनी ऐकून घेतला."

"मुलं काही बोलली नाहीत?"

"हजेरी लागत होती. बोलतील कशाला?" सर म्हणाले. "पुढे लिही. कामात त्याच्या हातून एक चूक झाली. दुसऱ्याच्या जिवावर बेतली असती."

"शाळेत?"

"लिही, हिरवे. आणि त्याच्या हाताखालची माणसं त्याला नावं पुरवतात. त्याच्या पुढे अर्धं पाऊल चालतात. त्यांना वाटतं त्याला कळत नाही. काही दिवस खरंच कळत नाही. काही दिवस कळतं."

माझं पेन थांबलं.

"लिहिलंस?"

"लिहितो सर."

"हे सगळं लिहून तुझ्याजवळ ठेव. बुधवारी सकाळी मला आठवण कर. कशाची ते मी विसरलो तर तू विसरू नकोस."

आमच्या बुधवारच्या कॉन्फरन्सचे दोन नियम होते, दोन्ही सरांनी सरकारी कॉलेजात असताना घातलेले. एक, लहानाने आधी बोलायचं. सगळ्यांत कनिष्ठ माणूस आधी मत देणार आणि प्रमुख शेवटी, म्हणजे मोठ्याचं तोंड बघून कुणी मत बनवणार नाही. दोन, तिथे जे ठरेल ते त्याच दिवशी अमलात यायचं. त्यात विभागप्रमुखालाही बदल करता यायचा नाही. एकदा पहिल्या वर्षाच्या एका पोरीने सरांचं निदान चुकलंय असं भर कॉन्फरन्समध्ये सांगितलं होतं. ते सगळ्यांना पटलं, तेव्हा सर उठले, वॉर्डात गेले, औषध बदललं आणि पेशंटच्या बापाची माफी मागून आले. ती पोरगी म्हणजे टिपरे मॅडम. ही गोष्ट त्या दर वर्षी नव्या मुलांना सांगत आणि सांगताना दर वेळी चष्मा पुसत.

बुधवारपर्यंत मला काही करायचंच नव्हतं. फक्त आठवण करायची नव्हती, की सगळं जिथल्या तिथे राहणार होतं, माझी पदवीही. घरी वडिलांनी दवाखान्यासाठी गाळा बघून ठेवला होता आणि फोनवर रोज विचारत होते, बोर्डावर मनोविकारतज्ज्ञ लिहू की मानसोपचारतज्ज्ञ. बुधवारी सकाळी मी सरांच्या दारात उभा राहिलो.

"सर, तुम्ही आठवण करायला सांगितलं होतं."

"कशाची?"

मी कागद पुढे केले. त्यांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. पहिलं पान संपेपर्यंत ते परीक्षक होते. "बरी घेतलीयस हिस्ट्री. तक्रार नाही, हे आधी लिहिलंस ते छान." दुसऱ्या पानावर त्यांचं बोलणं थांबलं. शेवटच्या ओळींवर बोट ठेवून ते तसेच बसले. कॅन्टीनचा माणूस चहा ठेवून गेला, त्यांनी बघितलं नाही.

"पेशंट," ते शेवटी म्हणाले, "येईल म्हणावं कॉन्फरन्सला."

सेमिनार रूममध्ये मागे दोन इंटर्न पेंगत होते, पुढे शिकलगार, मॅडम आणि सर. मी केस मांडली. नाव सोडून सगळं होतं त्यात. मॅडमनी दुसऱ्याच वाक्याला माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघून वाचत राहिलो.

"शिकलगार," सर म्हणाले, "लहानाने आधी बोलायचं."

शिकलगार उभा राहिला. त्याने अभ्यास केला होता. "सर, डिमेन्शिया. सुरुवातीचा टप्पा संपत आलाय. पेशंटला अधूनमधून जाण आहे, हे महत्त्वाचं, कारण निर्णय त्याला विचारून घेता येईल. काम ताबडतोब थांबवावं. एक चूक झालीच आहे, दुसरीची वाट बघू नये."

"नातेवाइकांबद्दल?"

"नातेवाईक म्हणण्यापेक्षा हाताखालची माणसं, सर. ती आजार झाकतायत. वरवर माया वाटते, पण त्यांचा काहीतरी स्वार्थ असणार. तो शोधून काढून त्यांना वेगळं बोलावून समज द्यायला हवी."

"कडक समज?"

"हो सर. कडक."

"बस," सर म्हणाले. "पहिल्या वर्षाला इतकी हुशारी बरी नव्हे. हिरवे?"

मला त्या क्षणी आठवत होतं ते एवढंच की मनोविकारतज्ज्ञ या शब्दाला बोर्डावर कमी जागा लागते. मी म्हणालो, "शिकलगारशी सहमत, सर. काम थांबवावं."

मग मॅडम. त्या उभ्या राहिल्या नाहीत. "मी मत देणार नाही, सर. पेशंट समोर नाही. पेशंट बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत."

"पेशंट समोर आहे, टिपरे."

शिकलगारने आधी दाराकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्च्यांकडे, मग सरांकडे. इंटर्न जागे झाले.

"द्या मत," सर म्हणाले. "त्या वेळी तर घाबरला नव्हतात."

मॅडमनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "थांबवावं," त्या म्हणाल्या.

"एकमत," सर म्हणाले. त्यांनी समोरचा कागद ओढून तीन ओळींचा राजीनामा लिहिला, त्या नेहमीच्या सुवाच्य अक्षरात, आणि तारीख मला विचारून घातली. "डीनकडे द्या. आजच. नियम आहे." मग उठले आणि जाता जाता शिकलगारच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगलं बोललास रे..." आणि थांबले.

कुणी नाव पुरवलं नाही.

"जुनैद, सर," तो स्वतःच म्हणाला.

डीन हे हाडांचे डॉक्टर. मॅडम आणि मी राजीनामा घेऊन गेलो तेव्हा ते इन्स्पेक्शनसाठी पडद्यांचा रंग निवडत होते. त्यांनी कागद वाचला, पेपरवेटखाली ठेवला आणि आम्हाला बसायला सांगितलं.

"निदान पक्कं आहे?"

"पक्कं आहे सर," मॅडम म्हणाल्या.

"सगळ्यांचं एकमत?"

"एकमत. त्यांचं स्वतःचंसुद्धा."

"म्हणजे कालचं आज आठवत नाही, असं आहे ना ते?"

"बहुतेक वेळा."

"मग झालं तर," डीन म्हणाले. "उद्या नऊला येतील."

मॅडमना ते कळायला थोडा वेळ लागला. "सर, त्यांनी राजीनामा दिलाय. शुद्धीत दिलाय."

"नाही कुठे म्हणतो मी? मॅडम, मी हाडांचा माणूस. मनाचं मला काही कळत नाही. तुमच्या निदानावर विश्वास ठेवायचा म्हणतो, एवढंच. आले नाहीत, तर मी हा मंजूर करतो. आले, तर कामावर आलेल्या माणसाला मी घरी कसा घालवू?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पहिली तुकडी ना तुमची? हा निळा बरा वाटतो की पिस्ता?"

बाहेर शिकलगार उभा होता. मला म्हणाला, "सर, ते हाताखालच्या माणसांबद्दल मी बोललो ते... मला माहीत नव्हतं."

"बरोबर बोललास तू."

"म्हणूनच विचारतो. त्यात मीपण आलो ना? तो सोमवार मीच लिहिला होता."

मी त्याला चहा पाजला.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघं वॉर्डाच्या दारात उभे होतो. एरवी राउंडला तिघं वेळेवर असण्याची आमची पद्धत नव्हती. नऊ वाजता जिन्यावर पावलं वाजली. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, चेहरा ताजा.

"काय, सगळे बाहेर? वॉर्डात आग लागलीय का?" गुळवणी सर म्हणाले.

मॅडम भिंतीवरच्या लसीकरणाच्या पोस्टरकडे वळल्या आणि ते वाचू लागल्या. बुधवारी आठवण करायला सरांनी मला सांगितलं होतं, गुरुवारी करायला सांगितलं नव्हतं. तरी मी म्हणालो, "सर, काल कॉन्फरन्स झाली."

"हो? केस कसली होती?"

"एका मास्तरांची. डिमेन्शियाची."

"ठरलं काय?"

"काम थांबवायचं ठरलं सर. एकमताने."

"मग थांबवलं?"

"नाही सर."

"नाही?" त्यांच्या कपाळाला आठी पडली. जुने सर क्षणभर परत आले, ज्यांच्या आवाजाने सरकारी कॉलेजात म्हणे वॉर्डबॉय बिडी गिळत. "माझा नियम काय आहे? त्याच दिवशी. का नाही थांबवलं?"

शिकलगार माझ्याकडे बघत होता.

"हाताखालची माणसं ऐकत नाहीत, सर."

"ती कधीच ऐकत नाहीत," सर म्हणाले. जरा वेळ ते माझ्याकडे पाहत राहिले, जणू माझ्याबद्दल काहीतरी त्यांच्या ओठांवर आलं होतं. मग म्हणाले, "बोलावून घे त्यांना. मी स्वतः बोलतो," आणि वॉर्डात शिरले. पहिल्या बेडपाशी ते थांबले. मी अर्धं पाऊल पुढे गेलो.

"काय सावित्राबाई."

इन्स्पेक्शन दिवाळीनंतर आलं. पडदे पिस्ता रंगाचे लागले. पुण्याचे लेक्चरर आले, त्यांना वॉर्ड दाखवला. दोघा तपासनिसांपैकी एकाने दोन बेडमधलं अंतर टेपने मोजलं. दुसऱ्याने सरांना विचारलं, "आपल्या विभागाचं वैशिष्ट्य काय सांगाल?"

सर सरळ बसले आणि न अडखळता बोलले. "आमची बुधवारची कॉन्फरन्स. इथे लहान आधी बोलतो. आणि जे ठरतं ते त्याच दिवशी अमलात येतं. मीसुद्धा ते बदलू शकत नाही."

तपासनीस प्रभावित झाले. त्यांनी ते लिहून घेतलं आणि इतर कॉलेजांनी हे शिकण्यासारखं आहे, असा शेराही मारला. चहाचा ट्रे शिकलगारच्या हातात होता. तो त्याने टेबलावर ठेवला आणि बाहेर गेला.

सर त्यानंतर दोन वर्षं विभागप्रमुख होते. त्यांच्या टेबलावर पेन असे, औषध लिहायचे कागद मॅडमच्या खोलीत असत. शिकलगार मानसोपचार सोडून त्याच मजल्यावरच्या त्वचारोग विभागात गेला. माझ्या पदवीची नोंदणी झाली. बोर्डावर मनोविकारतज्ज्ञ लिहिलंय.

मान्यतेबरोबर विभागाला दोनाच्या तीन जागा मिळाल्या. तिसरी अजून भरलेली नाही.